वायुनौका उडते की तरंगते?

प्रश्न असा आला आहे की एअरशिपला, म्हणजे हवेपेक्षा हलक्या वायूने भरलेल्या आणि इंजिनांनी पुढे जाणाऱ्या यानाला, मराठीत 'हवाई जहाज' म्हणावे की 'वायुनौका', आणि तिच्यासाठी 'उडणे' वापरावे की 'तरंगणे'. 'हवाई जहाज' चूक नाही. परंतु हिंदीत तो शब्द विमानासाठी रूढ असून मराठी वाचकांच्या कानांवरही त्याच अर्थाने पडत असल्यामुळे मी 'वायुनौका' पसंत करतो.

क्रियापदाचा निर्णय मात्र रचनेवरूनच व्हायला हवा. विमानाला पंखांभोवतीच्या प्रवाहातून आधार मिळतो, म्हणून पुरेसा वेग नसेल तर ते हवेत टिकत नाही. वायुनौका स्वतःच्या आकारमानाएवढी हवा बाजूला सारते आणि त्या हवेच्या वजनाइतके उत्प्लावक (वर ढकलणारे) बल तिला मिळते. जमिनीलगत एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते, त्यामुळे तेवढा हेलियम साधारण एक किलो भार पेलतो, हायड्रोजन किंचित अधिक. इंजिने थांबली तरी ती वाऱ्याबरोबर वाहत राहते. म्हणून 'तरंगते' हेच नेमके.

याचा एक सुंदर पुरावा १९२८ च्या 'ग्राफ झेपेलिन' या जर्मन वायुनौकेमध्ये सापडतो. द्रव इंधन जळत जाते तशी नौका हलकी होते आणि समतोल राखण्यासाठी मोलाचा हायड्रोजन बाहेर सोडावा लागतो; हे टाळण्यासाठी तिच्या इंजिनांना जवळपास हवेइतक्याच घनतेचे वायुरूप इंधन दिले जाई. केवळ उडणाऱ्या यानाला ही चिंता कधीच पडली नसती.

काही जण 'इंजिन लावलेला फुगा' असेही लिहितात. बिनसांगाड्याच्या ब्लिंपला ते बरेचसे शोभते, कारण तिचा आकार आतल्या दाबावरच टिकतो आणि तो दाब राखण्यासाठी आवरणाच्या आतल्या पिशव्यांत हवा भरली किंवा सोडली जाते. पण २४५ मीटर लांबीच्या 'हिंडेनबर्ग' या जर्मन वायुनौकेमध्ये ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूच्या कड्यांचा आणि तुळयांचा सांगाडा होता, हायड्रोजन १६ स्वतंत्र वायुकोशांत भरलेला होता आणि बाहेरचे कापडी आवरण वायू कोंडण्यासाठी नव्हे, तर ऊनपावसापासून बचावासाठी व बाह्याकार गुळगुळीत ठेवण्यासाठी होते. तिथे 'सांगाडा', 'आवरण' आणि 'वायुकोश' हे तिन्ही शब्द वेगवेगळे वापरावेत, आणि 'झेपेलिन' हे एका जर्मन कंपनीचे नाव सरसकट प्रत्येक वायुनौकेला देऊ नये.