वाहनांच्या वायरलेस नेटवर्कमधल्या ब्रॉडकास्टला (एकाच वेळी सगळ्यांना पाठवलेल्या संदेशांना) बियांकीचं मॉडेल चालेल का?

जसंच्या तसं नाही, पण गणित उलट सोपं होतं. बियांकीच्या २००० सालच्या मॉडेलमध्ये (अनेक वाय-फाय उपकरणं एकच चॅनल कसं वाटून घेतात याचं गणित) दोन संदेशांची टक्कर झाली की बॅकऑफ विंडो, म्हणजे पाठवण्याआधी किती थांबायचं हे ज्या मर्यादेतून निवडतात ती, दुप्पट होते. ८०२.११पी या वाहनांसाठीच्या वाय-फाय मानकात ब्रॉडकास्टला पोचपावतीच नाही. टक्कर झाल्याचं गाडीला कळणार कसं? त्यामुळे मॉडेलच्या मार्कोव्ह साखळीत (एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या शक्यतांच्या गणितात) बॅकऑफचा एकच टप्पा उरतो: टाउ = २/(व+१); टाउ म्हणजे एखाद्या टाइम स्लॉटमध्ये गाडीने संदेश पाठवण्याची शक्यता, व म्हणजे विंडो. व = १६ आणि १० गाड्या घेतल्या, तर पाठवलेला संदेश टकरीतून वाचण्याची शक्यता (१५/१७)^९, म्हणजे जेमतेम ३२%.

अर्थात हे प्रत्येकीकडे कायम संदेश तयार आहे असं धरून. बीकन (गाडीची जागा, वेग सांगणारे नियमित संदेश) सेकंदाला साधारण १०च, तेव्हा ‘रांग रिकामी’ ही अवस्था जोडाच. खरी डोकेदुखी लपलेल्या, म्हणजे एकमेकींचे संदेश ऐकू न येणाऱ्या गाड्यांची: आरटीएस-सीटीएस (पाठवण्याआधी परवानगी मागणं-देणं) नसल्याने त्यांची टक्कर वेगळी मोजावी लागते, बहुधा गाड्या रस्त्यावर प्वासाँ वितरणाने (स्वैर) विखुरलेल्या धरून.