"फक्त सर्टिफिकेटसाठी करतेय, म्हणजे मी ढोंगी आहे का?"

मी मुलांची समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आता मूल खुर्चीत नीट बसायच्या आधीच मला अंदाज येतो. शाळेने किंवा पुढच्या ॲडमिशनच्या फॉर्मने स्वयंसेवेचे तास मागितलेले असतात, मूल कुठेतरी जायला लागतं, आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला वाटतं, अरे मला तर यातलं काहीच मनापासून वाटत नाहीये, मी नुसते तास भरतोय. पालकांची काळजी वेगळी, की अभ्यासाचा वेळ फुकट जातोय का. पण मला विचाराल तर मुलांचा प्रश्न जास्त खरा आहे, म्हणून त्याच्यावर लिहितेय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि बरीच सेशन्स इथे दोन-चार संवादांत कोंबलीयेत.)

नववीतली मुलगी होती. आई बोलत होती आणि ही बॅगेची चेन उघड, बंद कर, उघड.

"मॅडम, 40 तास करायचेत, 22 झालेत आणि आता म्हणते जायचंच नाही. बरं, अर्धवट सोडलं तर प्रोफाइलमध्ये काय दाखवणार?"

आईला बाहेर बसवलं. मग मुलगी म्हणाली, "मी तिथे कुणाला मदतबिदत करत नाही. लायब्ररीत पुस्तकं रॅकवर लावते, वहीत सही घेते, घरी येते. आणि सगळे म्हणतात किती छान काम करतेस! मला लाज वाटते मॅडम. फ्रॉड आहे मी."

यावर मी जे बोलले ते मी आधीही खूप मुलांशी बोललेय आणि दरवेळी फसलेय. म्हटलं, अगं छोटं कामही मोठं असतं. तिने मान हलवली. मोठ्यांचं मन राखायला मुलं हलवतात ना, तश्शी. तो सगळा तास माझ्या प्रवचनात गेला.

पुढच्या वेळी मी शहाणी झाले आणि फक्त एवढंच म्हटलं, "मागच्या शनिवारी दारातून आत शिरल्यापासून काय काय केलंस ते सांग." ती सांगत गेली, कंटाळवाणंच होतं सगळं. पण एक गोष्ट माझ्या कानाने टिपली. "त्यांची लायब्ररी, त्यांचं रजिस्टर, त्यांचे मेंबर." सगळं *त्यांचं*. मी काही बोलले नाही, मनात ठेवून दिलं.

तीनेक आठवड्यांनी ती तणतणत आली. झालं होतं असं, की मोठ्या टायपातली पुस्तकं, जी वाचायला म्हातारी माणसं येतात, ती सगळ्यात खालच्या खणात होती. एक आजी वाकून पुस्तक काढताना तोल जाऊन टेबलाला धरून उभ्या राहिल्या. हिने कुणाला न विचारता ती सगळी पुस्तकं कमरेच्या उंचीच्या खणात आणली, त्यासाठी दुसरी खाली ढकलली, आणि लायब्ररीयनबाईंची बोलणी खाल्ली कारण नंबरांची लाईन बिघडली.

"आता सांगा मॅडम, आमच्या रॅकवर म्हाताऱ्या माणसांनी गुडघ्यावर बसायचं का?"

मी पेन खाली ठेवलं. "काय म्हणालीस?"

"गुडघ्यावर..."

"त्याच्या आधी."

ती थांबली. मग हळूच, "आमच्या रॅकवर." आणि हसली, त्या सगळ्या आठवड्यांत पहिल्यांदा. खरं सांगते, त्या एका शब्दासाठी मी तीन आठवडे कान टवकारून बसले होते आणि तो निसटला नाही याचा मला अजून आनंद आहे.

मी आल्फ्रेड ॲडलरच्या वाटेने काम करणारी. व्हिएन्नाचा हा मनाचा डॉक्टर 1911 मध्ये मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडपासून वेगळा झाला, आणि त्याचं म्हणणं असं की माणसाला आपण कुठल्यातरी घोळक्यातले आहोत आणि तिथे आपला काही उपयोग आहे असं वाटलं की त्याची निम्मी दुखणी सैल होतात (निम्मी हा हिशोब माझा, त्याचा नाही). आमची मुलं उलटं समजतात. त्यांना वाटतं आधी मनात उमाळा यायला हवा, मग काम केलं तर ते खरं. अहो, तेरा-चौदाव्या वर्षी कुठून येणार उमाळा न पाहिलेल्या माणसांबद्दल? आधी जायचं, कंटाळायचं, मग एक दिवस काहीतरी खटकतं. ते खटकणं म्हणजेच आपलेपणा.

मग सर्टिफिकेट वाईट का? 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलं तर छान रिबिनवालं सर्टिफिकेट मिळेल, ती मुलं पुढे मोकळ्या वेळेत कमी चित्रं काढायला लागली. पण ज्यांना ते अचानक, काम झाल्यावर मिळालं त्यांची आवड तशीच राहिली. म्हणजे कागदात विष नाही, त्याच्याकडे डोळे लावून बसण्यात आहे. म्हणून आईबाबांनो, घरी आल्यावर "किती तास झाले?" विचारू नका, "आज काय झालं तिथे?" विचारा. आणि मुलाच्या तासांची वही तुम्ही भरू नका, प्लीज, मी पाहिलंय भरताना.

मुलांसाठी सांगते. दहा ठिकाणी एकेक दिवस जाऊन फोटो काढण्यापेक्षा एकाच ठिकाणी आठवड्याला दोन तास जा, कारण खटकायला ओळख लागते. जायच्या आधी विचारा की नेमकं काम काय, माझ्यावर लक्ष कोण ठेवणार, काही गडबड झाली तर कुणाला सांगू. यांची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर ती जागा सोडा. तुम्ही कुठे आहात हे घरी माहीत हवंच, आणि कुणी मोठं माणूस दार लावून एकट्याला बसवत असेल तर उठून यायचं, आगाऊपणा वगैरे काही नसतो त्यात. ज्यांच्यासाठी काम करता त्यांचे फोटो न विचारता टाकायचे नाहीत. लहान मुलांना शिकवायला जाणार असाल तर किती महिने येणार ते पहिल्याच दिवशी त्यांना सांगा, ती वाट बघतात. परीक्षेसाठी थांबायचं असेल तर खुशाल थांबा, फक्त गायब होऊ नका.

लायब्ररीतल्या त्या मुलीनेही थांबायचं ठरवलं. लायब्ररीयनबाईंशी बोलून (हो, यावेळी विचारून) तो खण तिने कायमचा करून घेतला होता, आणि तिच्या जागी आठवीतला एक मुलगा यायला लागला. परवा फोन आला तर अभ्यासाचं काही नाही, तासांचंही नाही.

"मॅडम, तो परत खालीच ठेवतो हो मोठ्या टायपाची पुस्तकं. दोनदा सांगितलं. काय करू त्याचं?"