समन्वयकाच्या नोकरीसाठी जीआयएस करावं की एमएसडब्ल्यू?

तुम्ही विचारलंय, गडचिरोलीत ग्रामसभांच्या जमीन-जंगलाच्या कामांसाठी समन्वयकाची जागा निघाली आहे, तर आधी जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचा कोर्स) करावं की एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी). माझ्याकडे दोन्ही होतं. तरी मी एका संस्थेत असाच समन्वयक असताना चार गावांचे तेंदूचे, म्हणजे विडीच्या पानांचे, पैसे माझ्यामुळे अडकले.

कुरखेड्याकडची गावं. चारही गावांचा सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा हक्क असल्याचा, दावा मंजूर झालेला, तेंदूचा लिलाव एकत्र. दोन ठेकेदार आले. एकाचा दर गोणीमागे बराच जास्त, पण अॅडव्हान्स नाही. दुसऱ्याचा दर कमी, पण निम्मे पैसे आधी आणि मजुरीचा चुकारा दर हफ्त्याला फळीवरच, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागीच. सभेत बायांचा कल दुसऱ्याकडे होता. मी एक्सेलमध्ये दोन्हींची बेरीज करून दाखवली. आकड्यापुढे कोण काय बोलणार? पहिला ठरला.

मे महिना. पहाटे तीनला जंगलात जाऊन बाया पानं आणायच्या, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायच्या, संध्याकाळी फळीवर मुंशी (हिशेब ठेवणारा) मोजायचा. मजुरी कशीबशी निघाली, रॉयल्टी, म्हणजे पानांचे ग्रामसभेला मिळायचे पैसे, बाकी. तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पाऊस येईल, बोद (पानांची पोती) भिजतील, टीपी (माल बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना) द्या, चार दिवसांत चेक. ग्रामसभेचे अध्यक्ष सही करेनात. मी म्हटलं, करा हो दादा, माल सडला तर दोष आपल्यावर येईल. त्यांनी सही केली. ट्रक गेले.

आता ते टीपी बुक काय चीज आहे हे मला चांगलं माहीत होतं, हेच जास्त लागतं. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर हक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती यायला 27 एप्रिल 2011 उजाडलं. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा. वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या 2012 च्या दुरुस्तीने परवाना देण्याचं काम नियमातच ग्रामसभेच्या समितीकडे आलं. पैसे येईपर्यंत माल अडवायला गावाकडे या पुस्तकाशिवाय दुसरं काहीच नसतं. आणि मी प्रशिक्षणात हे स्लाइडवर दाखवायचो!

चेक दिवाळीनंतर आला, तोही अर्धा. मधल्या एका सभेत एक म्हातारी एवढंच म्हणाली, "बाबू, पान तं गेला. पैसा कधी येते?" बाकी कोणी काही बोललं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आमच्या संस्थेच्या साहेबांनी वार्षिक अहवालात लिहिलं: 'ग्रामसभांची आर्थिक व्यवहाराची क्षमता अपुरी.' मी म्हटलं, सर, गावाचा निर्णय बरोबर होता, तो मी फिरवला. ते म्हणाले, फंडरला असं लिहीत नाहीत. तिथून आमचं बिनसलं, आणि सहा महिन्यांत मी नोकरी सोडली.

तर मुलाखतीत कोर्सचं सांगत बसू नका. उलट त्यांनाच विचारा: टीपी बुक आणि पासबुक कुठे असतं? 'सुरक्षित आहे, आमच्या ऑफिसात' असं म्हणाले तर चहा पिऊन निघा. जमाखर्च लिहायला शिका, आणि तो सभेत गोंडीत वाचून दाखवेल असा गावातलाच कोणी तयार करा. सूक्ष्म आराखडे वगैरे नंतर.

जीआयएस अगदीच वाया जात नाही, हेही सांगतो. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद निघाला तेव्हा जीपीएस घेऊन दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांबरोबर फिरलो, ते कामी आलं. आणि जास्त दर देणारा प्रत्येक ठेकेदार बुडवतोच असं नाही. कमी दरवालेही बुडवतात.

साहेब हे वाचत असतील तर, ते वाक्य पुढच्या वर्षीच्या अहवालातही तसंच छापलंय. मी पाहिलं.