कोल्हापूरचं हायकोर्ट मुंबईपेक्षा खालचं असतं का?

तुमचा प्रश्न असा: वाटपाच्या दाव्यातलं अपील सांगलीच्या जिल्हा कोर्टात हरलात, वकील म्हणतात आता सेकंड अपील कोल्हापूरला करू. तर ते मुंबईपेक्षा खालचं कोर्ट आहे का, तिथे न्यायाधीश कोण नेमतं, आणि नागपूर, संभाजीनगर ही वेगळी हायकोर्टं आहेत का?

नाहीत. देशात २५ हायकोर्टं आहेत, त्यातलं आपलं एकच, १८६२ साली सुरू झालेलं मुंबईचं. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव एवढा त्याचा मुलूख. मुंबई ही त्याची मुख्य बैठक. नागपूर, संभाजीनगर, गोवा आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर इथेही तेच कोर्ट बसतं. कोल्हापुरात मिळालेल्या निकालाला मुंबईत मिळालेल्या निकालाएवढंच वजन. त्यावर मुंबईला अपील होत नाही, पुढची पायरी थेट दिल्लीचं सुप्रीम कोर्ट.

घोळ होतो तो ‘खंडपीठ’ या शब्दाने. वर्तमानपत्रात ‘नागपूर खंडपीठ’ म्हणजे एक गाव, आणि ‘न्यायमूर्ती अमुक व तमुक यांचं खंडपीठ’ म्हणजे एकत्र बसलेले दोन न्यायाधीश. एकाच बातमीत दोन्ही अर्थ आले की माझे पक्षकार हमखास गोंधळतात. तुमचं सेकंड अपील एकट्या न्यायमूर्तींसमोर, म्हणजे सिंगल बेंचपुढे चालेल. जन्मठेपेविरुद्धची अपिलं दोघांसमोर जातात.

कोल्हापूरच्या पाटीवर ‘सर्किट बेंच’ आहे, ते का, हेही सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. कायमचं खंडपीठ हवं तर राष्ट्रपतींचा आदेश लागतो. नुसती बैठक सुरू करायची तर राज्यपालांच्या मंजुरीने मुख्य न्यायमूर्ती करू शकतात. कोल्हापूर या दुसऱ्या वाटेने झालं, म्हणून पाटीवर ‘सर्किट बेंच’. औरंगाबादही १९८१ ला तसंच सुरू झालं होतं, त्याला आव्हान दिलं गेलं, सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये ते वैध ठरवलं आणि १९८४ ला ते कायम झालं. म्हणजे कोल्हापूरला काही नवी चूल मांडलेली नाही.

मी मूळचा सोलापूरचा, वकिली मुंबईत अपेलेट साइडला, म्हणजे जिल्ह्यांतून आलेली अपिलं चालतात तिथे. आमच्याकडचे लोक सिद्धेश्वरने रात्रभर प्रवास करून सीएसएमटीला उतरायचे, तुमच्याकडचे महालक्ष्मीने. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामांच्या यादीत, मॅटर ७८ नंबरला. साडेचार वाजता कोर्ट उठायचं तेव्हा यादी ४० नंबरवर. ‘आज रीच झालं नाही’ हे म्हाताऱ्या माणसाला सांगायला मला कायम लाज वाटायची. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचा तो हेलपाटा आता वाचला. पुणे आणि नाशिक अजून मुंबईलाच.

आता न्यायाधीश. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदाला परीक्षा नसते. निदान दहा वर्षं हायकोर्टात वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पद, एवढी राज्यघटनेची अट. प्रथेने साधारण दोन वाटे वकिलांतून आणि एक वाटा जिल्हा न्यायाधीशांतून. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं काढतात, राज्य सरकारचं मत घेतलं जातं, केंद्राकडून फाइल सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमकडे, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवड मंडळाकडे, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. यातल्या कुठल्याही टेबलावर ती महिनोन्महिने पडून राहू शकते, राहतेही. म्हणून मंजूर पदं ९४ असली तरी ९४ च्या ९४ खुर्च्या भरलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. त्यात बरेचजण आधी ‘अतिरिक्त’ म्हणून जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी येतात, मग कायम होतात. निवृत्ती ६२ ला. मुख्य न्यायमूर्ती सहसा परराज्यातून आणतात.

नेमणूक होते ती हायकोर्टावर, एखाद्या गावावर नव्हे. कोण कोल्हापूरला बसणार, कोण नागपूरला, कोणाकडे जमिनीची अपिलं आणि कोणाकडे जामीन, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. आम्ही त्याला असाइनमेंट म्हणतो. ती अधूनमधून बदलते आणि अर्धवट ऐकलेलं मॅटर कधीकधी नव्या साहेबांसमोर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. कोल्हापूर की मुंबई यापेक्षा तुम्हाला त्रास होईल तो याचा.

आणि एक. सेकंड अपिलात साक्षीपुरावा पुन्हा तपासत नाहीत, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच ते दाखल करून घेतात. वकिलांना विचारा, आपला मुद्दा कुठला? त्यांना तो दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. मुदत जिल्हा कोर्टाच्या हुकूमनाम्यापासून ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, पण अर्ज केल्यापासूनचाच. नकलेचा अर्ज अजून टाकला नसेल तर उद्या सकाळी टाका.