सिनेमासाठी गहाण काय ठेवायचं?

"पैशासाठी तडजोड केली, तर सिनेमा माझा राहील का?" स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करणारी मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात ती बहुतेक वेळा हा प्रश्न घेऊन. नाशिकमध्ये अशी मुलं कमी नाहीत. त्यांतल्या एकाची ही हकीकत त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

निखिल चौतिशीचा. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्याने निफाडकडच्या एका कांदा उत्पादक घरावर सिनेमा सुरू केला. पहिलं शेड्यूल पार पडलं, दुसऱ्यासाठी पैसे उरले नाहीत. तेव्हा एक बांधकाम व्यावसायिक उरलेला खर्च करायला तयार झाला. अटी दोन: भाच्याला मोठी भूमिका आणि शेवट बदलायचा. मूळ शेवटात बाप उभ्या कांद्यावर रोटाव्हेटर फिरवतो. फायनान्सरला शेवटी चांगला भाव मिळालेला हवा होता.

पहिल्या भेटीत निखिल फक्त या शेवटाबद्दल बोलला, प्रसंग न् प्रसंग सांगत. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आतापर्यंतचे पैसे कुठून आले?"

पीएफ, दोन मित्र, वडिलांची एक एफडी. एवढं सांगून तो थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सोनेतारण. बायकोचे दागिने. तिला वाटतंय ते लॉकरमध्ये आहेत." आणि लगेच, "मॅडम, फाळक्यांनीही तर सगळं पणाला लावलं होतं."

हा दाखला आमच्याकडे येतोच. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, त्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे, त्यांच्याबद्दल आम्हा नाशिककरांना मनापासून अभिमान आहे. म्हणूनच मी त्याला ती गोष्ट पूर्ण सांगितली. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. पण सरस्वतीबाई त्या कामात पहिल्यापासून होत्या. सगळ्या चमूचा स्वयंपाक त्या करत, फिल्मच्या कडांना भोकं पाडण्याचं कामही करत. मोठे पैसे मागण्याआधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना चित्रित करून दाखवलं. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका दिली, आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. इतकी मोठी तडजोड त्या सिनेमात आहे, तरी तो फाळक्यांचाच आहे.

माझं मत मी निखिलला स्पष्ट सांगितलं. शेवटाची तगमग खरी होती, पण तिला एवढं बळ त्या लॉकरमुळे आलं होतं. घरापासून कर्ज लपवलं की सिनेमा थोर ठरलाच पाहिजे असं होऊन बसतं, कारण त्याशिवाय ते कर्ज कुणाला सांगता येत नाही. मग भाच्याला घ्यावं की नाही एवढा साधा निर्णयही डोकं शांत ठेवून घेता येत नाही.

पुढच्या भेटीआधी त्याने घरी सांगितलं. दोघं एकत्र आली. ती बराच वेळ गप्प होती, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सोनं गेलं त्याचं एवढं नाही हो ताई. मावसबहिणीच्या लग्नाला हार घालायचा होता, तर हे म्हणाले लॉकरची चावी सापडत नाहीये. मी दिवसभर घर उपसलं. हे माझ्याबरोबर कपाटं उघडून बघत होते."

निखिलला यावर बोलता आलं नाही. मीही घाई केली नाही. त्या भेटीत आम्ही पैशाचा विषय काढलाच नाही.

हिशेब त्यानंतर झाला. बुडाले तरी घर चालेल असा आकडा दोघांनी ठरवला आणि वडिलांनाही सांगितला. इंदिरानगरचा फ्लॅट तारण ठेवायचा नाही, हे तिने लिहून घेतलं. सरकारी अनुदान निखिलने जमेत धरलं होतं, ते खोडलं. अनुदान पूर्ण झालेल्या सिनेमाला, परीक्षण होऊन मिळतं. त्यावर शूटिंग करता येत नाही. डबिंग, साऊंड, कलर यांचे पैसे वेगळे काढले, कारण छोटे सिनेमे अडकतात ते बहुतेक इथेच.

मग तो फायनान्सरकडे गेला, तेव्हा बोलणं सोपं झालं होतं. भाच्याची ऑडिशन घेतली, त्याला आडत्याची भूमिका दिली. मुलगा बरा निघाला. शेवट बदलणार नाही म्हटल्यावर फायनान्सरने फक्त शूटिंगपुरते पैसे दिले. सगळं लेखी झालं. लासलगावच्या लिलावाचा गर्दीचा प्रसंग मात्र पटकथेतून गेला. त्याचं निखिलला अजून वाईट वाटतं, आणि ते वाटणारच.

शूटिंग संपलं आहे. दागिने सुटलेले नाहीत. लग्नसराईत निखिल व्हिडिओची कामं घेतो, त्यातून आधी सोनेतारणाचा हप्ता जातो आणि उरलेलं डबिंग-साऊंडसाठी बाजूला पडतं. या हिशेबाची वही आता त्याची बायको सांभाळते.