एक्सपोर्ट केलेल्या व्हिडिओला चारही बाजूंनी काळे पट्टे येतात आणि काही शॉटमध्ये माणसं जाड दिसतात, काय करावं?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अहिराणी गाण्याचा व्हिडिओ केला. बहुतेक शॉट कॅमेऱ्याचे, १९२० × १०८०. सुरुवातीला मोबाइलवर उभा घेतलेला शॉट, मध्ये अमळनेरच्या एका लग्नाच्या जुन्या मिनी डीव्ही कॅसेटमधला तुकडा. एक्सपोर्टही १९२० × १०८० ला केला, तरी गाण्याचं चित्र मधोमध बारीक आणि लग्नातली माणसं फुगलेली. हाच व्हिडिओ हळदीला एलईडी वॉलवरही लावायचाय.

या दोन वेगळ्या चुका आहेत. एक्सपोर्टच्या खिडकीत कितीही आकडे बदलले तरी एकही जाणार नाही.

पहिली चूक टाइमलाइनची. सीक्वेन्सवर, म्हणजे त्या टाइमलाइनवर, पहिली क्लिप टाकताना प्रीमियर विचारतं, सेटिंग क्लिपप्रमाणे बदलू का? तिथे उभ्या मोबाइल शॉटला हो म्हटलं की सीक्वेन्स १०८० × १९२० चा होतो. त्यात कॅमेऱ्याचा आडवा शॉट बसवला की तो १०८० × ६०७ उरतो, वर-खाली काळं. मग ही अख्खी उभी फ्रेम आडव्या एक्सपोर्टमध्ये शिरते आणि बाजूंनाही काळं येतं. खरं चित्र उरतं साधारण ६०७ × ३४२, म्हणजे पडद्याचा जेमतेम दहावा भाग. म्हणून तयार फाइल क्रॉप करून मोठी करू नका, तपशील गेलेला आहे. प्रोजेक्टच उघडा.

आधी सीक्वेन्सची डुप्लिकेट काढा. मग सीक्वेन्स सेटिंग्जमध्ये एडिटिंग मोड कस्टम, फ्रेम साइज १९२० × १०८०, पिक्सेल अस्पेक्ट रेशो (एका पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) स्क्वेअर पिक्सेल्स, १.०. प्रिव्ह्यू फाइल्स पुसल्या जातील अशी सूचना येईल, ओके करा. आता कॅमेऱ्याच्या प्रत्येक क्लिपचा स्केल इफेक्ट कंट्रोल्समध्ये १०० आणि पोझिशन ९६०, ५४० आहे ना ते बघा. टायटल्स जागेवरून हलतील, ती हातानेच लावावी लागतात.

उभा मोबाइल शॉट ५६.२५ टक्क्यांना पूर्ण दिसतो. पूर्ण रुंदी भरायला १७७.८ टक्के लागतात, पण मग वरची-खालची मिळून दोन तृतीयांशाहून जास्त चित्र कापलं जातं. मी असा शॉट दोन थरांत लावतो: खाली १७७.८ टक्क्यांची ब्लर केलेली प्रत, वर ५६.२५ टक्क्यांची स्वच्छ. नाचणाऱ्यांचे पाय तरी शाबूत राहतात.

आता दुसरी चूक, जाड माणसं. पाल (PAL, आपल्याकडची जुनी टीव्ही-व्हिडिओ पद्धत) मिनी डीव्हीची फ्रेम ७२० × ५७६ असते आणि तिचे पिक्सेल चौरस नसतात. ४:३ च्या चित्रणाला १.०९४ हा पिक्सेल अस्पेक्ट रेशो हवा. तिथे वाइडस्क्रीनचा १.४५८७ लागला की रुंदी एक तृतीयांशाने वाढते. प्रोजेक्ट पॅनलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रिट फुटेज, कन्फॉर्म टू, आणि डी१/डीव्ही पाल १.०९४० निवडा. उंची भरायला स्केल १८७.५. बाजूला काळं राहील, ते राहू द्या. पट्टे घालवायला स्ट्रेच टू फिल वापरणं म्हणजे चेहरे बिघडवणं, आणि ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

एक्सपोर्टमध्ये मॅच सोर्स (सीक्वेन्सचीच सेटिंग) घ्या आणि तयार फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून रुंदी, उंची आणि डिस्प्ले अस्पेक्ट रेशो वाचा. १९२०, १०८०, १६:९ दिसलं की झालं. यूट्यूबवर चढवलेली जुनी फाइल बदलता येत नाही, नवी चढवावी लागते आणि लिंकही नवी मिळते.

एलईडी वॉलवाल्याला फूट विचारू नका, पॅनल किती बाय किती ते विचारा. पी३.९१ चं (दोन पिक्सेलमध्ये ३.९१ मिलिमीटर अंतर असलेलं) ५०० मिलिमीटरचं चौरस पॅनल १२८ × १२८ पिक्सेलचं असतं. आठ बाय चार पॅनल म्हणजे १०२४ × ५१२, प्रमाण २:१. त्यासाठी आणखी एक डुप्लिकेट १९२० × ९६० ची करा. वर-खाली ६०-६० पिक्सेल कापले जातील, म्हणून गाण्याच्या ओळी आणि नवरा-नवरीची नावं तेवढी वर सरकवून मगच एक्सपोर्टला लावा.