गॅलपला कुठला पाय आधी?

प्रश्न: ताई, ड्रमचं डबल पेडल (दोन्ही पायांनी बास ड्रमवर किक मारायचं) घेऊन दीड वर्ष झालं. सरळ सिक्स्टीन्थ (एका बीटला चार किक) 190 ला, म्हणजे मिनिटाला 190 बीटला, बऱ्यापैकी निघतात, पण बँडच्या नव्या गाण्यात 190 लाच सगळा गॅलप आहे (घोड्याच्या टापांसारख्या बीटला तीन किक, पहिलीनंतर लांब अंतर, मग दोन जवळ) आणि आठ बार (चार-चार बीटचे गट) झाले की माझी उजवी पोटरी दगड होते. मी उजवा-उजवा-डावा असं वाजवतो. मित्र म्हणतो एकाआड एक पाय टाक, पण तसं केलं की हात गडबडतात. नक्की बरोबर काय?

उत्तर: दोन्ही बरोबर आहे रे, फक्त दोघांचं काम वेगळं आहे. तू वाजवतोस ती ग्रिडची पद्धत, म्हणजे सरळ सिक्स्टीन्थ चालू आहेत असं धरायचं आणि दर बीटला डाव्याची एक किक गाळायची. उजवा पाय सलग एट्थ (बीटला दोन किक) मारत राहतो, 190 ला मिनिटाला 380 किक, आणि डावा फक्त 190. एकाआड एक टाकलंस तर त्याच 570 किक दोन्ही पायांत वाटल्या जातात, 285 - 285. पण एक गोष्ट लक्षात घे, यात पायाचा टॉप स्पीड कमी होत नाही, उजव्याला तेवढंच जवळचं अंतर कधीतरी मारावंच लागतं, फक्त त्यानंतर दोनदा जरा जास्त वेळ मिळतो. तो श्वास मिळतो म्हणून पाय टिकतो.

आता तू म्हणशील सरळ सिक्स्टीन्थमध्येही उजवा 380 च मारतो मग तिथे का दुखत नाही. मला वाटतं तिथे दोन्ही पाय सीसॉसारखे चालतात आणि बसणं आपोआप सांभाळलं जातं, गॅलपमध्ये डावा थांबून राहतो आणि सगळा भार उजवीकडे कलतो. खात्री करायची तर डावा पाय पेडलवर नुसता ठेव आणि 190 ला फक्त उजव्याने आठ बार एट्थ मार. यातच पोटरी भरली तर पॅटर्न बदलून फार उपयोग नाही, आधी उजव्याचा दम वाढव, रोज थोडं थोडं, 150 पासून. आणि ते निघालं पण गॅलप अडला तर स्टूल बघ, पुढे झुकून बसतोयस का ते बघ.

गाण्यात कुठे काय वापरायचं हे मी तरी रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) ऐकून ठरवते. गिटारवाला गॅलप बहुतेक डाऊन-डाऊन-अप असा पिक करतो, म्हणजे तुझं उजवा-उजवा-डावा त्याच्या हाताशी अगदी तंतोतंत जुळतं, त्याचा जोर जिथे तिथेच तुझ्या मजबूत पायाचा जोर. त्यामुळे पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून वाजवलेला) घट्ट रिफ असेल, मधे स्टॉप असतील, राइड सिंबलवर उजवा हात एट्थ मारत असेल तर ग्रिडच ठेव, चार-सहा बारचा भाग असला तर नक्कीच. लांबलचक भाग असेल, पूर्ण कोरस वगैरे, तिथे एकाआड एक.

हात गडबडतात त्याचं कारण साधं आहे, एका बीटला तीन किक म्हणजे दर बीटला पुढचा पाय बदलतो. 1 वर उजवा, 2 वर डावा, 3 वर उजवा, 4 वर डावा. स्नेअर 2 आणि 4 वर असेल तर तो कायम डाव्या पायाबरोबर पडणार, हेच पकडून ठेव. 90 ला सुरू कर, आधी फक्त स्नेअर आणि डावा पाय एकत्र पडतोय का तेवढंच ऐक, सिंबल नंतर. चार बीटच्या बारमध्ये 12 किक होतात म्हणून पुढचा बार परत उजव्यावरच येतो, पण मधेच 3/4 चा (तीन बीटचा) बार आला की 9 किक होतात आणि पुढचा बार डाव्याने सुरू होतो, खूप जण तिथेच कोसळतात (मी स्टेजवर कोसळलेय). तिथे मुद्दाम 3/4 चा तेवढा एक बार ग्रिडने वाजव, उजवा जागेवर राहतो.

प्रश्न: मेशुगा या मेटल बँडचा ड्रमर टॉमास हाके याच्यासारखे हर्टा वाजवायचेत, म्हणजे चार किकचा पॅटर्न, दोन फास्ट दोन स्लो. सुरुवात कुठल्या पायाने करू?

उत्तर: जो पाय मजबूत त्याने. उजव्याने सुरू केलंस आणि उजवा-डावा-उजवा-डावा तसंच चालू ठेवलंस तर एक मस्त गोष्ट होते, डावा पाय अगदी समान अंतराने पडत राहतो आणि जवळ-लांब, जवळ-लांब हा झोल फक्त उजवा करतो. म्हणून आधी डाव्याला एकट्याला क्लिकशिवाय (मेट्रोनोमशिवाय) घड्याळासारखं चालू दे, मग उजवा त्याच्याभोवती बसव. बरेच जण उलटं करतात, चारही किक एकदम फास्ट मारायला बघतात आणि स्लो असलेल्या दोन किक घाईत चेपल्या जातात. चेपल्या की नाही हे तुला वाजवताना कळणार नाही, फोनवर रेकॉर्ड कर आणि अर्ध्या स्पीडला ऐक.